वाचणाऱ्याचं बॅरियर

(पुण्यात कर्नलवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर, काम करणाऱ्यांच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? पत्रिकेत विषय छापलाय 'कर्नलमधले मेमरी बॅरियर'. भारदस्त आहे. बॅरियर म्हणजे 'याच्या अलीकडचं मेमरीचं काम आधी, पलीकडचं नंतर' असं बजावणारी आडकाठी. पण मला त्यातल्या अर्ध्याच भागाबद्दल बोलायचंय. मेमरीत लिहिणाऱ्या कोअरनं, म्हणजे चिपमधल्या एका प्रोसेसरनं, कोणत्या क्रमानं लिहावं, यावर आपल्याकडे कोणीही उठून अर्धा तास बोलेल. वाचणाऱ्याची चौकशी कोणी करत नाही. तेवढं आज सांगतो, मग सीक्वेन्स लॉक नावाची युक्ती आणि शेवटी आल्फा नावाचा जुना प्रोसेसर, असा बेत आहे.

स्टोअर बफर म्हणजे काय, इथून सुरुवात करत नाही. समोर बसलेत त्यांनी कर्नलात हात काळे केलेले आहेत. संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्टनी 1979 साली सिक्वेन्शियल कन्सिस्टन्सीची व्याख्या दिली. सगळ्या कोअरची कामं एकाच रांगेत लागल्यासारखी दिसावीत, आणि प्रत्येकाची आपली कामं प्रोग्रॅममधल्याच क्रमानं. प्रोसेसर बनवणाऱ्यांनी मान डोलावली आणि वेगासाठी क्रम मागेपुढे करून आपल्या मनाचं केलं. (हसलात, बरं झालं. मागे एकदा याच वाक्यावर सभागृह गप्प बसलं होतं.)

आता हिंजवडीतली गोष्ट. कंपनीचं नाव विचारू नका, इथे तिकडची माणसं बसलेली असतील. आमच्याकडे दोन कोअरमध्ये एक रिंग बफर होता, म्हणजे फेरी संपली की पुन्हा पहिल्यापासून वापरायच्या खणांची, स्लॉटची, रांग. एक कोअर पॅकेटची लांबी स्लॉटमध्ये लिहायचा, मग राइट बॅरियर, मग हेड, म्हणजे कुठवर भरलं ते सांगणारा आकडा, एकानं पुढे. दुसरा कोअर हेड बघायचा, पुढे सरकलेला दिसला की लांबी वाचायचा. इंटेलच्या मशीनवर हे बिनतक्रार चाललं. मग माल गेला एआरएम या दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरच्या बोर्डावर, आणि अधूनमधून 60 बाइटच्या पॅकेटची लांबी 1514 यायला लागली. 1514 कुठून आले? त्याच स्लॉटमध्ये मागच्या फेरीला मोठं पॅकेट बसलं होतं, त्याचे.

मग जे सगळीकडे होतं ते झालं. एकानं प्रिंटके, म्हणजे कर्नलमधून संदेश छापणारी ओळ, टाकला, बग गायब. प्रिंटके काढला, बग हजर. साहेब म्हणाले, प्रिंटके राहू द्या! दुसऱ्यानं सी भाषेतलं व्होलाटाइल सुचवलं. व्होलाटाइल कंपायलरला दटावतं, प्रोसेसर त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. तिसऱ्यानं लिहिणाऱ्याच्या बाजूला अजून एक बॅरियर घातला, आधीचा एकटा पडू नये म्हणून असेल. तक्रारीच्या फॉर्मवर कारणाच्या रकान्यात 'हार्डवेअर' असं लिहून मोकळे झाले. माझं दुखणं पुढेच आहे: रिव्ह्यूला बसलेल्या प्रत्येकानं विचारलं, "बॅरियर आहे ना?" आणि प्रत्येकाला उत्तर मिळालं, "आहे." कोणाच्या बाजूला, हे एकानंही विचारलं नाही.

शनिपाराजवळच्या मिठाईच्या दुकानाचं घ्या. मालक शिस्तीचा. आधी बाकरवडी फळीवर मांडतो, मगच 'बाकरवडी आली' अशी पाटी लावतो. लिहिण्याचा क्रम चोख. पण गिऱ्हाईक उतावीळ. रांगेत उभ्या उभ्या फळीकडे आधीच बघून घेतो: रिकामी. मग काउंटरशी येऊन पाटी वाचतो: आली. आणि पाटी खोटी म्हणून मालकाशी भांडतो. मालकानं पाटीआधी दहा बॅरियर लावले तरी या माणसाचं काय करणार?

एआरएमचा कोअर नेमका असाच वागतो. "पण आमच्या कोडमध्ये इफ होता, हेड सरकलं तरच लांबी वाचायची!" हे मला हमखास ऐकवतात. इफ असू द्या. इफची वाट (ब्रँच) कुठे जाणार याचा अंदाज बांधून कोअर लांबी आधीच वाचून ठेवतो. हेडची किंमत नंतर येते, अंदाज बरोबर निघतो, आणि शिळी लांबी तशीच वापरली जाते. इफच्या आधारावर पुढचं लिहिणं थांबतं, पुढचं वाचणं थांबत नाही. हे वाक्य लिहून घ्या, घाई नाही.

इलाज एका ओळीचा होता: इफनंतर, लांबी वाचण्याआधी, एसएमपी आरएमबी, म्हणजे कर्नलमधला रीड बॅरियर. चौसष्ट बिटी एआरएमवर त्याची डीएमबी ही प्रोसेसरची बॅरियर सूचना होते. एक्स-86 वर, म्हणजे इंटेलच्या घराण्यात, मात्र त्यातून एकही सूचना निघत नाही, फक्त कंपायलरला आडकाठी. साध्या मेमरीतली वाचनं तिथे प्रोसेसरच क्रमानं दाखवतो; आधीचं लिहिणं आणि नंतरचं वाचणं एवढीच जोडी उलटू शकते. म्हणून इंटेलवर वाढलेल्या माणसाला वाचणाऱ्याचं बॅरियर ही नुसती शोभा वाटते.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? पाचच? बरं, भरभर घेतो.

नवं लिहीत असाल तर सुटे बॅरियर टाळा. लिहिणारा हेड स्टोअर-रिलीजनं (आधीची कामं उरकल्यावरच होणारं लिहिणं) लिहितो, वाचणारा लोड-अ‍ॅक्वायरनं (पुढची कामं अडवून धरणारं वाचणं) वाचतो; एक दिसलं की दुसरं शोधायला डोळा आपोआप जातो. सुटेच वापरलेत तर जोडीदार कुठल्या फंक्शनमध्ये आहे ते कॉमेंटमध्ये लिहा.

सीक्वेन्स लॉक. डेटासोबत एक आकडा ठेवलेला असतो. लिहिणारा तो आकडा विषम करतो, डेटा बदलतो, आकडा सम करतो. वाचणारा आकडा बघतो, विषम असेल तर थांबतो, मग रीड बॅरियर, मग डेटा, पुन्हा रीड बॅरियर, पुन्हा आकडा. बदलला असेल तर पहिल्यापासून. दुसरा बॅरियर लोक विसरतात; तो नसेल तर आकडा आधी तपासला जातो आणि डेटा मागाहून वाचला जातो, म्हणजे तपासणीच फुकट. वाचणारा काहीच लिहीत नसल्यानं कॅशलाइनची, म्हणजे कोअरजवळच्या झटपट मेमरीतल्या तुकड्याची, ओढाताण होत नाही, म्हणून कर्नलमध्ये घड्याळाची वेळ अशीच वाचतात.

आल्फा. उभ्या उभ्या सांगतो. पॉइंटर, म्हणजे डेटाचा पत्ता, वाचला आणि त्याच पॉइंटरनं डेटा वाचला, तर बाकी प्रोसेसर हा क्रम पाळतात. आल्फावर पॉइंटर नवा आणि डेटा जुना असं होऊ शकायचं. कॅशचे दोन भाग, एकाला मेमरी बदलल्याचा निरोप पोचलेला, दुसऱ्याचा अजून रांगेत. त्यासाठी लिनक्समध्ये वेगळा बॅरियर होता. लिनक्सच्या 4.15 आवृत्तीपासून आल्फापुरता तो रीड-वन्स या वाचण्याच्या मॅक्रोच्या पोटातच घातला, त्यामुळे तुम्हाआम्हाला तो दिसत नाही. कोणाकडे चालू स्थितीतलं आल्फाचं मशीन असेल तर चहाला मला जरूर गाठा, मला ते हात लावून बघायचंय.