चोरीची वेल

नमस्कार श्रोतेहो.

मनी प्लांट घरात कसा जगवायचा, हे सांगायला आज मला इथे बसवलंय. खरं म्हणजे तो जगवावा लागत नाही, माणसाच्या नाकावर टिच्चून जगतो. तुमची तक्रार वेगळीच असते. नर्सरीतून आणला तेव्हा पानापानावर दुधाचे शिंतोडे उडाल्यासारखी नक्षी होती आणि सहा महिन्यांत सगळा हिरवागार झाला, म्हणजे नर्सरीवाल्यानं फसवलं! तर नाही, त्यानं फसवलेलं नाही. हे मला लहानपणीच कळलं, गिरगावात, आणि तेही एका चोरीच्या भानगडीत. ती आधी सांगतो.

माझी आत्या गिरगावात चाळीत राहायची, दुसऱ्या मजल्यावर. मे महिना लागला की माझी रवानगी तिच्याकडे. मी तेव्हा पाचवीतून सहावीत गेलो होतो. तळमजल्यावर एक काकू होत्या आणि त्यांच्या दारातल्या डालड्याच्या डब्यातून एक वेल जिन्याच्या कठड्यावर चढली होती. पान अर्धं पांढरं, अर्धं हिरवं. पुढे कळलं की हिला मार्बल क्वीन म्हणतात, आम्ही तिला कबरी वेल म्हणायचो. आत्याचा जीव त्या वेलीवर होता. पण मनी प्लांट विकतचा चालत नाही, मागून आणलेलाही चालत नाही, चोरून आणला तरच घरात पैसा येतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. आता आत्या काही चोरी करणारी बाई नव्हे. म्हणून तिनं मला पाठवलं.

दुपारी अडीचची वेळ. चाळ झोपलेली. (दुपारच्या झोपेला लोक उगाच नावं ठेवतात. मला विचाराल तर ज्या घरात दुपारी कोणी झोपत नाही, तिथे संध्याकाळी भांडणं होतात.) मी अनवाणी खाली गेलो, त्यातल्या त्यात पांढरं बघून एक पान देठासकट खुडलं आणि दोन-दोन पायऱ्या गाळत वर आलो. आत्यानं हॉर्लिक्सच्या बाटलीत पाणी भरून पान त्यात ठेवलं आणि बाटली आतल्या खोलीत, मोरीजवळच्या फळीवर ठेवून दिली. गॅलरीत ठेवली तर काकूंना दिसेल ना!

गणपतीत पुन्हा गेलो, तर पान तसंच! वाळलं नव्हतं, वाढलंही नव्हतं. देठाला खाली दोन पांढरी मुळं फुटलेली, पण नवं पान नाही, कोंब नाही. आत्या रोज उदबत्ती दाखवायची. सणाला तिच्या सासूबाई कऱ्हाडहून आल्या होत्या, सगळा जन्म उसाच्या रानात गेलेला. त्यांनी बाटली उजेडाला धरली, देठ फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, "आगं सूनबाई, डोळा कुठाय ह्याला? उसाचं पान लावून ऊस येतो व्हय गं?"

श्रोतेहो, मनी प्लांट लावण्याचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आलं. नुसतं पान लावू नका. पेर घ्या. पेर म्हणजे खोडावरची ती गाठ, जिथून पान निघतं. तिथेच तपकिरी रंगाचं एक बोंड असतं, ते हवेतलं मूळ, आणि पानाच्या बगलेत डोळा असतो. कोंब त्या डोळ्यातून फुटतो. पानाला मुळं येतील, पण वेल येणार नाही. पुन्हा सांगतो, पेर. काप पेराच्या खाली बोटभर घ्या आणि ते पेर पाण्यात बुडालेलं ठेवा. दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात.

तर, दुसरी चोरी करणं आलं. मी पुन्हा अडीच वाजता खाली गेलो आणि वेलीला हात लावतोय तोच दारातून आवाज आला, "अरे, मागच्या खेपेला पान नेलंस. पानाला काय होतंय?" काकू उंबऱ्यातच बसल्या होत्या, सुपात तांदूळ निवडत. माझे पाय तिथेच थिजले. काकू म्हणाल्या, "आत्याला सांग, मागितली असतीस तर वीतभर फांदी दिली असती." मी रडकुंडीला येऊन म्हणालो, "मागून चालत नाही ना काकू." त्या जरा विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "तेही खरंच. बरं, असं कर. मी आत जाते. कात्री त्या कोनाड्यात आहे. तीन पेरं घे, आणि कात्री परत ठेवून जा." आणि खरंच आत जाऊन दाराकडे पाठ करून बसल्या!

फांदी आली, मुळं फुटली, कोंब आले. आत्या खूश. बाटली मात्र मोरीजवळच, कारण चोरीचा माल.

मग पुढच्या वर्षीचं चैत्रातलं हळदीकुंकू. काकू वर आल्या. कैरीची डाळ खाता खाता त्यांची नजर फळीवर गेली. वेल चांगली हातभर झाली होती, पण नवी सगळी पानं हिरवी! कुठे एखादा पांढरा ठिपका असेल-नसेल. काकूंनी डाळीची वाटी खाली ठेवली. म्हणाल्या, "ही माझी नव्हे."

आत्या म्हणाली, "अहो काकू, तुमचीच."

"माझी कबरी आहे. ही कुठली आणलीस? माझी सांगून दुसऱ्या कुणाची चोरलीस होय?"

बघा आता. चोरी केली म्हणून राग नाही, आपली सोडून दुसऱ्याची चोरली म्हणून राग! पन्हं न पिताच काकू उठल्या. आत्याच्या डोळ्यांत पाणी. आठ दिवस दोघी बोलल्या नाहीत. शेवटी मीच बाटली घेऊन खाली गेलो आणि बुडख्याशी काकूंनी दिलेली मूळची तीन पेरं होती ती दाखवली. पानं अजून पांढरी-हिरवीच. काकूंनी चष्मा लावून ती नीट पाहिली. मग म्हणाल्या, "वेल माझीच आहे. कोंडून ठेवलीत तिला. उजेडात आणा."

वेल गॅलरीत आली. हिरवी पानं हिरवीच राहिली, ती पुन्हा पांढरी होत नाहीत, हे लक्षात ठेवा. पण पुढचं पान नक्षीचं आलं. काकू जाता-येता मान वर करून मोजायच्या, "ते शेंड्याकडचं माझं, त्याच्या खालचं तुझं."

आता काकू बरोबर का होत्या ते सांगतो. पानाचा पांढरा भाग पांढरा असतो, कारण तिथे हरितद्रव्य नाही. हरितद्रव्य नाही म्हणजे त्या भागाला अन्न तयार करता येत नाही. घरात खाणारी तोंडं चार आणि कमावते दोन, असा तो संसार. भरपूर उजेड असला तर दोघांच्या कमाईत भागतं. उजेड कमी झाला की वेल सगळ्यांना कामाला लावते, पानं हिरवी होतात. म्हणून उजेड. ऊन नव्हे, उजेड. दिवा न लावता पेपर वाचता येईल अशी जागा, खिडकीपासून दोन-तीन हातांवर. सकाळचं कोवळं ऊन चालेल. दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन नको, त्यानं पांढरा भागच आधी करपतो. आणि माझं एक दुखणं इथेच सांगून टाकतो. हल्ली लोक गॅलरी आत घेतात, काळ्या काचेचं स्लायडिंग लावतात, वर जाड पडदा आणि मग मला विचारतात, आमच्याकडे झाडं का जगत नाहीत. अहो, तिथे माणूस तरी कसा जगतो?

वेल हिरवी व्हायला लागली तर छाटा. मागे मागे जा, जिथलं पान शेवटचं नक्षीचं आहे त्या पेराच्या वर कापा. खोडावरही पांढरी रेघ असते, ती बघा. उलट एखादी फांदी निव्वळ पांढरी निघाली तर हरखून जाऊ नका. ती दुसऱ्यांच्या जिवावर जगते, तीही छाटा.

या वेलीचं माहेर ताहितीजवळचं मूरेआ बेट. १८८० मध्ये तिला शास्त्रीय नाव मिळालं पोथॉस ऑरियस, आणि १९६४ पासून एपिप्रेम्नम ऑरियम. एन-जॉय म्हणून जी पांढऱ्या कडांची बुटकी जात मिळते, ती आपल्या भारतातच मार्बल क्वीनमधून निघाली. पण गंमत पुढेच आहे. तुम्ही मनी प्लांटचं फूल पाहिलंय? मी नाही पाहिलं. फुलायला जिबरेलिन नावाचं जे संप्रेरक लागतं, ते ही वेल पुरेसं बनवतच नाही, असं २०१६ सालच्या संशोधनात दिसलं. बाहेरून फवारलं तेव्हा फुलं आली. फूल नाही म्हणजे बी नाही. म्हणजे तुमच्या घरातली वेल कुणाच्या तरी वेलीचा तुकडा, तीही कुणाची तरी. मधे कोणी मागितली, कोणी विकली, कोणी अडीच वाजता अनवाणी जाऊन कापली.

कोकणात गेलात तर माडावर चढलेली हीच वेल बघा. पानं सुपाएवढी, कडेनं फाटलेली. लोकांना पटत नाही की हाच आपला मनी प्लांट. लोंबत ठेवला की पान लहान, चढवला की मोठं. घरात काथ्या गुंडाळलेली काठी कुंडीत रोवा, काथ्या ओला ठेवा, मुळं आपोआप धरतात.

काचेपलीकडून मला बोटं दाखवतायत, म्हणजे वेळ संपत आला. भरभर सांगतो. कुंडीतल्या वेलीला पाणी कधी, तर मातीत बोट घाला, दोन पेरं कोरडं लागलं की द्या. ही पेरं बोटाची. रोज कपभर पाणी घालणं हा मायेचा प्रकार आहे आणि त्यानंच मुळं कुजतात, पानं पिवळी पडतात. माती भुसभुशीत हवी, कोकोपीट आणि गांडूळखत मिसळून. पानं ओल्या फडक्यानं पुसा, खोबरेल लावू नका, दूधही नको. देठाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, साबणाच्या पाण्यानं पुसून काढा.

ही वेल अळूची चुलतबहीण. अळू नीट शिजलं नाही तर घशाला काय होतं, तुम्हाला माहीत आहे. तेच ऑक्झलेटचे काटे हिच्यातही. रांगतं मूल किंवा मांजर असेल तर वर टांगा. आणि हवा शुद्ध होते म्हणून घेत असाल तर तसं काही नाही. झाडं हवा शुद्ध करतात असं ज्याच्या आधारे सांगतात, तो १९८९ चा नासाचा प्रयोग हवाबंद पेटीतला होता. आपल्या घराला दारं-खिडक्या आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बाटलीतलं पाणी आठवड्याला बदला. नुसतं ओतून भागणार नाही, बाटली आतून घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी काचेला पाण्याच्या रेषेजवळ चिकटलेली असतात आणि वाळली तरी मरत नाहीत. महापालिकेची माणसं पावसाळ्यात घरी येतात तेव्हा आधी मनी प्लांटच्या बाटलीत डोकावतात, ते उगाच नाही. पाणी आठवड्याला. एक वार ठरवून टाका. आत्याचा शुक्रवार असायचा.

नमस्कार.