वाड्यात ऑफिस घ्यायचंय? आधी मान वर करून बघा

राम राम मंडळी!

परवा मित्राचा फोन आला. रत्नागिरीकडं समुद्राकाठी जुन्या कौलारू घरात ऑफिस थाटतोय म्हणे. म्हटलं, बाबा, आमच्याकडं सागर एकच, नाथसागर, अन् तोही धरणाचा. पण वाडे बघायचे तर पैठणला ये.

मी बसलोय ती वाड्याची ढाळज, म्हणजे दारालगतची बैठकीची पडवी. इथं मालक चौरस फूट सांगत नाहीत, "तीन खण आहेत" म्हणतात. खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा, आणि ती वाड्यागणिक वेगळी. म्हणून टेप घेऊन जा.

आता वर बघा. हे माळवद. तुळया, त्यावर लाकडी पट्ट्या, त्यावर मातीचा जाड थर. बाहेर मे महिन्याचं ऊन असलं तरी आत पंख्यावर भागतं. पण दर पावसाळ्याआधी वर माती टाकून चोपावी लागते. नाही केलं तर? माझ्या पहिल्या जागेत श्रावणात ढेकूळ थेट प्रिंटरवर पडलं. मालक म्हणाले, "जागा तुम्ही वापरता, माती तुम्हीच टाका." मी म्हणालो, "काका, वाडा तुमचा." करारात यावर एक ओळ नव्हती. प्रिंटर माझ्या खिशातून गेला.

इथं कायदा नीट समजून घ्या. मराठवाड्यात आधी 1954 चा हैदराबादचा भाडेकायदा होता, आता 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे. त्यात दुरुस्ती घरमालकाची जबाबदारी आहे. त्यानं केली नाही तर 15 दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः करू शकतो, आणि वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत खर्च भाड्यातून वळता करू शकतो. छान! पण आपण सगळे करतो लिव्ह अँड लायसन्स. त्यात तुम्ही भाडेकरू नसताच, तुम्हाला फक्त वापरायची परवानगी असते. म्हणून माळवदाची माती, वाळवी, नाली, सगळं कोण बघणार ते करारातच लिहून घ्या. हसतील. हसू द्या.

दुसरा प्रश्न: सही कोण करणार? "मीच की," असं काका म्हणतात. मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढली की कळतं, नाव अजून आजोबांचं, अन् वारस पुण्यापासून परभणीपर्यंत. सगळ्यांच्या सह्या नाहीतर कुलमुखत्यारपत्र. भाऊबंदकीच्या मधोमध टेबल टाकून बसू नका.

करार नोंदवाच. त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे. खर्च किती? 6,000 रुपये भाडं, 3 वर्षं, म्हणजे 2,16,000. त्यावर पाव टक्का मुद्रांक, 540 रुपये. डिपॉझिट असेल तर किंचित वाढतं. नोंदणी फी शहरात 1,000. एवढ्यासाठी कोऱ्या बॉण्डवर काम उरकणारे बघितले की मला कळत नाही काय बोलावं.

मीटर बघा. वाड्याचं मीटर घरगुती असतं. त्यावर ऑफिस चालवलं तर वीज कायद्याच्या कलम 126 खाली दुप्पट दरानं आकारणी होते. व्यावसायिक जोडणी आधी मागा. वायरिंगही बदलून घ्या, लाकडाच्या घरात कापडी वायर नको. आणि भिंती इतक्या जाड की मोबाईलला रेंज नाही. मी फोन घ्यायला चौकात जातो, सगळ्या गल्लीला माझे क्लायंट माहीत झालेत.

नदीकडच्या बाजूला घेताय? शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, 2006 च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं. तो भिंतीवर हात लावून दाखवील. फाइलींचं कपाट त्याच्या वर.

आणि पैठणात एक कलम आणखी लागतं. फाल्गुनात नाथषष्ठीला, म्हणजे संत एकनाथांच्या यात्रेला, गल्लीत गाडी सोडा, सायकल शिरत नाही. माझ्या करारात लिहिलंय: षष्ठीला वाड्याचा चौक आणि ढाळज दिंडीला. तेवढे दिवस मी लॅपटॉप घरी नेतो. परत आलो की टेबलावर बुक्का असतो, आणि कुणीतरी माझ्या खुर्चीवर वाळत घातलेलं धोतर विसरून गेलेलं असतं.