शिकारी नाही, सिकारी

रोमन काळातले मारेकरी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं, डोक्यावरून कापड ओढलेली, रात्री छपरांवरून उड्या मारणारी एखादी गुप्त टोळी, गेम्स आणि सिरीजमध्ये असते तशी. पण अशी एक टोळी खरंच होऊन गेली. आणि ती भरदुपारी गर्दीतून फिरायची.

जागा जेरुसलेम. इ.स. 50 नंतरची काही वर्षं, जुडिया प्रांतावर रोमचं राज्य, गव्हर्नरचं नाव फेलिक्स. सणाला गावोगावचे यहुदी मंदिरात यायचे, आवारात मुंगी शिरायला जागा नसायची, आणि त्या गर्दीत अचानक कुणीतरी कोसळायचं. अंगरख्याखाली लपवलेली छोटी वाकडी कट्यार, एक वार, कट्यार परत आत, आणि मग तोच मारेकरी बाकीच्यांबरोबर "अरेरे, कुणी केलं हे" म्हणत ओरडायचा. पकडणार कुणाला?

त्या वाकड्या कट्यारीला लॅटिनमध्ये सिका म्हणतात. म्हणून हे सिकारी. ऐकताना शिकारी वाटतं पण त्या शब्दाशी याचा काही संबंध नाही.

पहिला मोठा बळी मुख्य याजक योनाथान. रोमन नाही हं, यहुदीच. सिकाऱ्यांचा राग रोमवर होताच, पण कट्यार जास्त करून चालली ती रोमशी जुळवून घेणाऱ्या आपल्याच माणसांवर. जोसेफस नावाचा त्या काळचा यहुदी इतिहासकार लिहितो की प्रत्यक्ष खुनांपेक्षा भीतीच मोठी झाली, जवळ येणाऱ्या मित्रावरसुद्धा लोक विश्वास ठेवेनात. आणि तोच जोसेफस दुसऱ्या ग्रंथात सांगतो की योनाथानला मारायला पैसे पेरले होते खुद्द फेलिक्सने, कारण हा याजक त्याला सारखा कारभार सुधारायला सांगत होता. मला या सगळ्या गोष्टीत हीच जागा सगळ्यात भयंकर वाटते.

पुढे त्यांनी अपहरणं सुरू केली. मंदिराच्या एका बड्या अधिकाऱ्याचा लेखनिक पळवला आणि त्याच्या बदल्यात कैदेतले आपले 10 जण सोडवून घेतले. एकदा जमलं म्हटल्यावर तेच परत परत.

इ.स. 66 मध्ये रोमविरुद्ध यहुदींचं बंड पेटलं. सिकारी बंडखोरांना सामील झाले, आणि या जमावाने जेरुसलेममधलं दफ्तरखानं जाळलं, तिथे सावकारांचे कर्जरोखे होते. हे नीट लक्षात घ्या, कर्जात बुडालेला गरीब माणूस या बंडात का उतरला ते इथे कळतं.

पण म्हणून त्यांना हीरो करायचं का? मी नाही करणार. जेरुसलेममधून हुसकावल्यावर त्यातले बरेच मृत समुद्राकाठच्या मसादा किल्ल्यावर गेले, आणि वल्हांडणाच्या सणात जवळच्या एन गेदी गावावर त्यांनी धाड घातली. जोसेफसच्या मते 700 वर बायका-मुलं मारली गेली. तीही यहुदीच.

इ.स. 70 मध्ये जेरुसलेम पडलं, मंदिर जळालं, तरी मसादा उभा होता. मग रोमन सेनापती सिल्वाने किल्ल्याला वेढा दिला आणि पश्चिमेच्या बाजूने माती-दगडांचा प्रचंड उतार रचून भिंतीपर्यंत रस्ता केला, तो उतार आजही तिथे दिसतो. भिंत फुटली, सकाळी सैनिक आत शिरले, आणि समोर सगळं शांत. जोसेफस सांगतो की रात्री पुरुषांनी आधी आपल्या बायकामुलांना मारलं, मग चिठ्ठ्या टाकून 10 जण निवडले, त्यांनी बाकीच्यांना मारलं, आणि शेवटी परत चिठ्ठी टाकून एकाने उरलेल्या नऊ जणांना मारून स्वतःला संपवलं. एकूण 960. हा आकडा आणि ती रात्र, दोन्हीवर अभ्यासकांचे वाद आहेत, कारण 1963 ते 65 च्या उत्खननात मानवी सांगाडे अगदी थोडे मिळाले. नावं लिहिलेल्या 11 छोट्या खापऱ्या मात्र मिळाल्या आणि त्यातल्या एकीवर लिहिलंय, बेन याइर. किल्ल्यावरच्या सिकाऱ्यांच्या म्होरक्याचं नाव होतं एलाझार बेन याइर.

त्या सकाळी रोमन सैनिकांनी मोठ्याने हाका मारल्या तेव्हा पाण्याच्या भुयारी वाटेतून दोन बायका आणि पाच मुलं बाहेर आली, आणि रात्री काय झालं ते त्या बायकांनी सांगितलं.