कोर्टहाऊसच्या चौकातले वकील

मित्रहो,

अमेरिकेतला वकील म्हटलं की आपल्यापुढे न्यूयॉर्कची काचेची इमारत उभी राहते. शेकडो वकिलांची फर्म, मिनिटामिनिटाला मोजली जाणारी फी. आज मी त्या वकिलीबद्दल बोलणार नाही. अमेरिकेत राज्यांचे काउंटी नावाचे विभाग असतात, प्रत्येक काउंटीचं एक मुख्य गाव असतं आणि त्या गावच्या चौकात बहुधा कोर्टहाऊस असतं. त्या चौकात दोन-तीन वकील मिळून फर्म चालवतात. सकाळी एका शेतकऱ्याचं मृत्युपत्र, दुपारी एक घटस्फोट, मग जमिनीच्या मालकीचे जुने कागद तपासणं आणि संध्याकाळी शाळा मंडळाची बैठक, असा त्यांचा दिवस असतो. मला या माणसांबद्दल बोलायचं आहे.

अशा फर्मची माहिती वाचली तर वकिलांच्या पदव्यांइतकीच जागा दुसऱ्या गोष्टींना दिलेली दिसते. हे याच गावात वाढले, या वाचनालयाच्या विश्वस्त मंडळावर आहेत, त्या बाई मुलांच्या संघाला बेसबॉल शिकवतात. वाचणाऱ्याला वाटतं, ही सजावट आहे. मला तसं वाटत नाही. गावात रुजलेलं असणं हे या वकिलांचं सर्वांत मोठं साधन असतं आणि त्यांच्या बहुतेक अडचणीही तिथूनच उगवतात. दोन्ही बाजू नीट पाहायच्या तर सुरुवात लिंकनपासून करावी लागेल.

अब्राहम लिंकनना आपण राष्ट्राध्यक्ष म्हणून ओळखतो. पण त्याआधी जवळजवळ पंचवीस वर्षं ते वकील होते. कायद्याच्या कुठल्याही महाविद्यालयात ते गेले नाहीत. न्यू सेलम नावाच्या लहानशा वस्तीत राहत असताना जॉन टॉड स्टुअर्ट या वकिलाने त्यांना पुस्तकं उसनी दिली. १८३२ च्या ब्लॅक हॉक युद्धात दोघांची ओळख झाली होती. पुढे १८३७ मध्ये लिंकन इलिनॉयमधल्या स्प्रिंगफिल्डला आले आणि स्टुअर्टचेच भागीदार झाले. नंतर स्टीफन लोगन आणि १८४४ पासून विल्यम हर्नडन, अशा त्यांच्या एकूण तीन भागीदाऱ्या झाल्या. त्यांच्या वकिलीच्या कागदपत्रांचा शोध घेणाऱ्या अभ्यासकांना पाच हजारांहून अधिक प्रकरणं सापडली आणि त्यातली निम्म्याहून जास्त कर्जवसुलीची होती. एका शेजाऱ्याने दुसऱ्या शेजाऱ्याला दिलेली हुंडी थकली, एवढाच बहुतेकांचा मामला.

वर्षातून दोनदा ते आठव्या न्यायिक मंडळाच्या फिरतीवर जात. न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस आणि वकील मंडळी एकत्रच या गावाहून त्या गावाला जात, एकाच खानावळीत उतरत आणि सकाळी कोर्टात एकमेकांविरुद्ध उभे राहत. आज ज्याला हरवलं त्याच्याच सोबत उद्याची वाट चालायची आहे, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. या जगण्यातूनच लिंकननी वकिलांसाठी काही टिपणं लिहिली. ती साधारण १८५० च्या सुमाराची मानली जातात. खटले टाळा, शेजाऱ्यांना तडजोडीला राजी करा, असं त्यात ते सांगतात. नावापुरता जिंकलेला माणूस फी, खर्च आणि वाया गेलेला वेळ यांच्या हिशेबात खरं तर हरलेला असतो, हे त्याला दाखवून द्या. आणि पुढचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं: एवढं करूनही धंदा पुरेसा उरेलच. हा उपदेश हवेतला नाही. ज्या माणसाचं कर्ज वसूल करायचं तो उद्या कोर्टात ज्यूरीत, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांत, बसलेला असू शकतो, परवा आपला अशील होऊ शकतो. तडजोडीचा आग्रह त्या गावाच्या रचनेतूनच येतो.

आता १८५८ चा आर्मस्ट्राँग खटला घ्या. न्यू सेलममध्ये लिंकन तरुण आणि कफल्लक होते तेव्हा जॅक आणि हॅना आर्मस्ट्राँग यांच्या घरी त्यांना जेवण मिळे, हॅना त्यांचे कपडे शिवून देई. पुढे हॅनाच्या मुलावर, डफवर, खुनाचा आरोप आला. लिंकननी बिअर्ड्सटाउनच्या कोर्टात त्याचा बचाव केला आणि एक पैसाही घेतला नाही. मुख्य साक्षीदार म्हणत होता, चंद्रप्रकाशात मी सगळं स्वच्छ पाहिलं. लिंकननी पंचांग पुढे केलं. त्या वेळी चंद्र मावळतीला, क्षितिजाजवळ होता. ही पंचांगाची हकीकत सगळे सांगतात. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते शेवटचं भाषण. त्यात लिंकननी ज्यूरीला आर्मस्ट्राँग कुटुंबाचे आपल्यावरचे उपकार सांगितले आणि ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावले. आजच्या अमेरिकन नियमांनुसार आरोपी दोषी की निर्दोष याबद्दल वकिलाने ज्यूरीसमोर स्वतःचं मत मांडायचं नसतं. या कुटुंबाचं मीठ मी खाल्लं आहे, असं आज कुणी ज्यूरीला सांगू लागलं तर सरकारी वकील ताबडतोब हरकत घेईल. आणि मला ती हरकत योग्य वाटेल. वकिलाचा घरोबा हा पुरावा होऊ शकत नाही.

लिंकनचीच दुसरी केस तर मन विषण्ण करते. १८४७ मध्ये केंटकीचा जमीनदार रॉबर्ट मॅट्सन याने आपल्या गुलामांना, गुलामगिरीला बंदी असलेल्या इलिनॉयमधल्या शेतावर कामाला आणलं होतं. त्यातल्या जेन ब्रायंट आणि तिच्या मुलांना गावातल्या हायरम रदरफोर्ड या डॉक्टरांनी आणि एका खानावळवाल्याने आसरा दिला. रदरफोर्ड लिंकनकडे वकीलपत्र द्यायला गेले. त्यांनी पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार लिंकन म्हणाले, मॅट्सनच्या बाजूने मी आधीच बांधला गेलो आहे. लिंकन मॅट्सनच्या बाजूने उभे राहिले आणि हरले. जेन आणि तिची मुलं स्वतंत्र झाली. त्याच लिंकननी १८४१ मध्ये बेली विरुद्ध क्रॉमवेल प्रकरणात नॅन्स नावाच्या काळ्या स्त्रीच्या स्वातंत्र्याच्या बाजूचा युक्तिवाद जिंकलेला होता! जो आधी दारात आला त्याचं काम घ्यायचं, हा लहान गावातल्या वकिलीचा सर्वांत साधा नियम. इतक्या मोठ्या प्रश्नापुढे तो मला अगदी अपुरा वाटतो. लिंकनवरच्या प्रेमापोटी हा अपुरेपणा झाकू नये.

आता विसाव्या शतकात, फ्लोरिडातल्या पॅनामा सिटीत येऊ. १९६१ मध्ये क्लॅरेन्स गिडियन नावाच्या गरीब माणसावर पूलरूम (बिलियर्ड्ससारखा खेळ खेळायची जागा) फोडून चोरी केल्याचा आरोप आला. वकील द्या, ही त्याची विनंती कोर्टाने नाकारली. त्याने स्वतःच बाजू मांडली आणि पाच वर्षांची शिक्षा घेतली. मग तुरुंगातून त्याने पेन्सिलीने सर्वोच्च न्यायालयाला अर्ज लिहिला. तिथे त्याची बाजू वकील एब फोर्टस यांनी मांडली आणि १८ मार्च १९६३ रोजी न्यायालयाने एकमताने सांगितलं की गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात गरीब आरोपीला वकील देणं राज्यावर बंधनकारक आहे. कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला एवढं पाठ असतं. पुढची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. फेरखटल्यासाठी नागरी स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या संस्थेचे वकील मायामीहून मदतीला आले होते. गिडियनने त्यांना नाही म्हटलं आणि गावातलाच वकील मागितला: फ्रेड टर्नर.

टर्नरने त्या वस्तीत जाऊन चौकशी केली. गिडियनला पूलरूममध्ये पाहिलं असं सांगणारा साक्षीदार तिथलाच होता आणि टर्नरने त्याच्यावरच संशयाची सुई वळवली: आत शिरलेल्या दुसऱ्याच पोरांसाठी हाच पहारा देत असेल तर? ज्या टॅक्सीवाल्याने गिडियनला त्या सकाळी नेलं, त्याच्या तोंडून ज्यूरीला कळलं की गिडियनच्या हातात चोरीला गेलेली बिअर, वाइन असं काही नव्हतं. ५ ऑगस्ट १९६३ रोजी, साधारण तासाभराच्या विचारानंतर, ज्यूरीने गिडियनला निर्दोष ठरवलं. न्यायाधीश तेच होते, आरोप तोच होता. वॉशिंग्टनमध्ये फोर्टसनी हक्क मिळवून दिला. तो हक्क त्या कोर्टरूममध्ये कामी यायला मात्र गल्ली, टॅक्सीवाले, पूलरूममध्ये रेंगाळणारी पोरं यांच्याबद्दल चौकशी करू शकणारा वकील लागला.

हे सगळं ऐकून वाटेल की रुजलेला वकील म्हणजे केवळ वरदान. पण अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेने १९८३ मध्ये वकिलांच्या वर्तनाचे आदर्श नियम स्वीकारले आणि राज्यांनी ते कमी-अधिक फरकाने उचलले. चालू अशिलाच्या थेट विरुद्ध उभं राहायचं नाही. जुन्या अशिलाच्या विरुद्ध त्याच किंवा त्याच्याशी निगडित प्रकरणात उभं राहायचं नाही. आणि एका भागीदाराला जे चालत नाही ते सहसा संपूर्ण फर्मला चालत नाही. मोठ्या शहरात हे सोपं आहे, रस्ता ओलांडला की दुसरी फर्म. गावात मात्र फर्म बँकेची वकील असेल तर बँकेने ज्याच्या शेतावर जप्ती आणली तो शेतकरी वकिलासाठी पुढच्या काउंटीत जातो. नवराबायकोचं बिनसलं की काही जण गावातल्या प्रत्येक वकिलाकडे आधी सल्ल्यासाठी जाऊन येतात, म्हणजे दुसऱ्याला कोणी उरतच नाही. त्यासाठी संभाव्य अशिलांबद्दलचा वेगळा नियम करावा लागला. शिवाय अनेक लहान काउंट्यांत सरकारी वकीलही अर्धवेळ असतो. उरलेल्या वेळात तो खासगी कामं घेतो आणि कोणतं काम घ्यायचं नाही याची यादी त्याला सतत डोक्यात ठेवावी लागते.

गोपनीयतेचं ओझं मला याहून जड वाटतं. कोणाला मृत्युपत्रातून वगळलंय, कोण दिवाळखोरीच्या काठावर आहे, कोणाच्या मुलावर गुन्हा आहे, हे त्या वकिलाला माहीत असतं आणि रविवारी तीच माणसं चर्चमध्ये शेजारच्या बाकावर असतात. अशील गेल्यावरही हे बंधन संपत नाही. चाळीस वर्षं एकाच गावात वकिली केलेल्या माणसाच्या पोटात किती गोष्टी असतील, कल्पना करा. अशा माणसांबद्दल मला अपार आदर वाटतो.

आणि ही माणसं कमी होत चालली आहेत. बार असोसिएशनच्या २०२० च्या पाहणीनुसार अमेरिकेतल्या सुमारे ४० टक्के काउंट्यांत दर हजार लोकांमागे एकही वकील पडत नव्हता आणि ५४ काउंट्यांत तर एकसुद्धा वकील नव्हता. कायद्याचं शिक्षण महाग, डोक्यावर कर्ज, म्हणून तरुण शहरात थांबतात. चौकातला म्हातारा वकील निवृत्त होतो तेव्हा फर्म विकत घ्यायला कोणी नसतं. तिजोरीतली मृत्युपत्रं एकेकाला परत करत बसावं लागतं आणि ज्यांनी ती केली त्यांतले बरेच लोक एव्हाना हयात नसतात.

साउथ डकोटाने २०१३ मध्ये यावर एक उपाय सुरू केला. लोकसंख्या दहा हजारांपर्यंत असलेल्या काउंटीत वकिली करायला जाणाऱ्या वकिलाला वर्षाला बारा हजार डॉलरहून थोडी जास्त रक्कम, पाच वर्षं. नेब्रास्काने निराळी वाट धरली. ग्रामीण भागातल्या महाविद्यालयांतच हुशार मुलं हेरायची आणि त्यांना कायद्याच्या शिक्षणापर्यंत पोचवायचं. साउथ डकोटाने मात्र गावात जन्मलेलाच वकील गावाचा होतो, हे गृहीत धरलेलं नाही. लिंकनही स्प्रिंगफिल्डचे नव्हते. जन्म केंटकीचा, बालपण इंडियानात, वकिली इलिनॉयमध्ये.

साउथ डकोटाच्या योजनेत मला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो तो तिचा हिशेब. रकमेतला निम्मा वाटा राज्याची न्यायव्यवस्था उचलते, १५ टक्के राज्याची वकील संघटना देते आणि उरलेले ३५ टक्के काउंटीने स्वतःच्या तिजोरीतून द्यायचे असतात. रस्ते, बर्फ हटवणं, शेरीफचं खातं, या सगळ्यांसाठी जी तिजोरी पुरत नाही तीच. त्यामुळे आधी काउंटी आयुक्तांची बैठक भरते, आपल्याला वकील हवा आहे का यावर चर्चा होते आणि पैसे मंजूर झाले तरच पुढचा करार होतो.