चौकोनांतून मोठी झालेली ओइरान

(पडद्यावर: पिवळ्याधमक रंगासमोर उभी असलेली, किमोनोतली बाई)

बाई जपानची, चित्र तैलरंगातलं आणि काढणारा डच. व्हिन्सेंट व्हॅन गॉगनं 1887 साली पॅरिसमध्ये हे रंगवलं. मनानं नव्हे, समोर ठेवून. केसाय आयसेन या जपानी चित्रकाराच्या, लाकडी ठशांवरून छापलेल्या चित्राची ही हातानं केलेली प्रत.

आधी आयसेनची बाई पाहू. ती ओइरान आहे, म्हणजे योशिवारातली वरच्या मानाची गणिका. योशिवारा ही एदो शहराची, आजच्या तोक्योची, परवाना असलेली वेश्यावस्ती. ती कोण, हे कुणी सांगावं लागत नाही. ओबी, म्हणजे कमरेचा रुंद पट्टा, तिनं पुढच्या बाजूला बांधलाय. इतर बायका तो मागे बांधत. केसांत आकडेच आकडे. अंगावरच्या जड झग्यावर ढगांमधून वळसे घेत उतरणारा ड्रॅगन. अंग एकीकडे, मान दुसरीकडे. आयसेनला या दुनियेची चांगलीच माहिती होती. स्वतःबद्दल लिहितानाही त्यानं आपलं पिणं लपवलेलं नाही.

पण एदोतलं छापचित्र कधीच एकट्याचं नसे. चित्रकार पातळ कागदावर ब्रशनं रेषा काढून देई. कोरणारा तो कागद जंगली चेरीच्या फळीवर उलटा चिकटवी आणि रेषा तेवढ्या उभ्या ठेवून आजूबाजूचं लाकूड काढून टाकी. त्यातच मूळ रेखाटन संपे. मग रंगागणिक वेगळी फळी. छापणारा ओलसर कागद फळीवर ठेवून वरून बारेन घासत जाई. बारेन म्हणजे बांबूच्या सालपटात गुंडाळलेली चपटी, गोल गादी. कागद दर वेळी नेमका त्याच जागी बसावा म्हणून फळीच्या कोपऱ्यात एक आणि कडेला एक अशा खाचा असत. कपाळाशी सुरू होणारे केस कोरायचं काम मुरलेल्या हाताकडेच जाई. चित्रावर नाव मात्र चित्रकाराचं. कोरणाऱ्याचं बहुतेकदा नसेच.

(पडद्यावर: मासिकाचं मुखपृष्ठ)

मे 1886. ‘पॅरी इल्युस्त्रे’ या मासिकाचा जपान विशेषांक निघाला. मजकूर हायाशी तादामासाचा. पॅरिसमध्ये जपानी कलावस्तूंचा व्यापार करणारा हा माणूस. मुखपृष्ठावर आयसेनची ओइरान होती, पण छपाईत तिचं डावं-उजवं झालं. व्हिन्सेंटनं प्रत केली ती या मुखपृष्ठावरून. त्यामुळे त्याची ओइरानही आयसेनच्या ओइरानच्या उलट दिशेला वळलेली आहे.

खरं तर खऱ्या छापचित्रांची त्याच्याकडे वाण नव्हती. 1886-87 च्या हिवाळ्यात सीगफ्रीड बिंग या व्यापाऱ्याच्या माळ्यावरून त्यानं सुमारे 660 चित्रं घेतली होती. विकून चार पैसे मिळवायचे, असा बेत. ‘ल तांबुरँ’ नावाच्या कॅफेत प्रदर्शनही मांडलं. धंदा काही झाला नाही आणि चित्रं घरातच राहिली. आपल्या दृष्टीनं बरंच झालं!

(पडद्यावर: चौकोन आखलेला ट्रेसिंगचा कागद)

हा कागद ॲम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियममध्ये आहे. मुखपृष्ठावर पारदर्शक कागद ठेवून व्हिन्सेंटनं बाह्यरेषा उतरवून घेतली आणि वर चौकोन आखले. मग एकेका चौकोनातली रेष मोठी करत तो कापडावर गेला. सिनेमाची पोस्टरं हातानं रंगवणारे आपले पेंटर हेच करायचे. तयार चित्र सुमारे 100 सेंटिमीटर उंच आणि 60 सेंटिमीटर रुंद.

रेषेपुरता तो अगदी आज्ञाधारक. रंगात ब्रश बुडवला आणि शिस्त संपली. छापचित्रात रंग सपाट असतो, कागदात मुरलेला. इथं तो थर होऊन वर येतो. झग्यावरच्या हिरव्या-तांबड्या फटकाऱ्यांत ब्रश कुठून कुठं गेला तेही दिसतं. केसांच्या बाबतीत मात्र मी आयसेनच्या कारागिराच्या बाजूनं आहे. लाकडात सुटा राहिलेला एकेक केस तैलरंगात गडद गोळा होऊन बसलाय.

आता कडेला पाहा. मुखपृष्ठावर नसलेलं एक तळंच बाईभोवती पसरलंय. कमळाची पानं, बांबू, होडी, खाली बेडूक, बाजूला सारस. यातलं बरंचसं त्यानं दुसऱ्या जपानी चित्रांतून उचललेलं. बेडूक आणि सारस मात्र केवळ शोभेचे नाहीत. त्या काळच्या पॅरिसच्या बोलीत वेश्येला ही दोन्ही नावं होती. ओबीची गाठ पुढे का, हे फ्रेंच माणसाला कळण्यासारखं नव्हतं. बेडूक बरोबर कळला असता. प्रत करणारा इतका विचार करत असेल, तर तिला नुसती नक्कल म्हणणं मला जड जातं.

त्याच वर्षी त्यानं हिरोशिगे या जपानी चित्रकाराच्याही दोन चित्रांच्या प्रती केल्या. एक बहरलेल्या प्लमच्या बागेची, दुसरी पावसातल्या पुलाची. रंग विकणाऱ्या तांगी म्हाताऱ्याचं व्यक्तिचित्र काढलं, तर त्याच्या मागची भिंतही जपानी चित्रांनी भरून टाकली. त्यांतही किमोनोतल्या बायका आहेतच.

(पडद्यावर: कानाला पट्टी बांधलेलं आत्मचित्र)

जानेवारी 1889, दक्षिण फ्रान्समधलं आर्ल. कान कापून घेतल्यानंतरचं हे आत्मचित्र. मागच्या भिंतीवर सातो तोराकियोचं छापचित्र आहे: मोकळ्या निसर्गातल्या गेइशा आणि लांबवर फुजी पर्वत. आत्मचित्र लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीत आहे आणि त्या छापचित्राची एक प्रतही तिथंच. दोन्ही शेजारी ठेवली की लबाडी पकडता येते. व्हिन्सेंटनं गेइशा आणि फुजी दोघांनाही उजवीकडे सरकवलंय. जागच्या जागी ठेवलं असतं, तर ते त्याच्या टोपीआड गेले असते.