आधी पात्यांचा घेर विचारा

(नाशिकमधील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, ओझरला मिग आणि सुखोई बांधणारे हात ज्या जिल्ह्यात आहेत, तिथे विमान कसं उडतं हे मी सांगत बसणार नाही. मला बोलायचंय ते एकट्या माणसाला उचलणाऱ्या यंत्राबद्दल. अशा यंत्राचा विषय निघाला की सगळे मोटर विचारतात, बॅटरी विचारतात, किंमत विचारतात. पात्यांचा घेर किती, म्हणजे फिरताना ती केवढं वर्तुळ व्यापतात, हे कुणी विचारत नाही. ही माझी जुनी तक्रार आहे.

1961 चा एप्रिल आठवा. 12 तारखेला गागारिन पृथ्वीला फेरी मारून आला. त्यानंतर आठच दिवसांनी, अमेरिकेत नायगरा फॉल्सजवळ, हॅरल्ड ग्रॅहम पाठीवर रॉकेट बांधून दोरखंडाच्या आधाराशिवाय पहिल्यांदा उडाला. किती वेळ? सांगा ना, अंदाज करा! 13 सेकंद. अंतर 112 फूट. बेल या विमान कंपनीतल्या वेंडेल मूर यांचं हे यंत्र. हायड्रोजन पेरॉक्साइड चांदीच्या जाळ्यांवरून सोडलं की त्याची क्षणात तापलेली वाफ आणि ऑक्सिजन होतो, आणि तो झोत दोन नळ्यांतून खाली सुटतो. पुढेही मजल गेली ती वीसेक सेकंदांपर्यंत. वेळ संपत आल्याचा इशारा हेल्मेटमध्ये थरथर होऊन मिळायचा, कारण त्या आवाजात दुसरं काही ऐकूच येत नसे. 1984 साली लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या उद्घाटनात असाच एक माणूस उडत आला तेव्हा जग थक्क झालं. माझ्या पिढीच्या डोक्यात 'उडणारा माणूस' बसला तो तिथून, आणि तिथेच आमची दिशा चुकली असं माझं ठाम मत आहे.

आता 2013 चं कॅनडा. यंत्राचं नाव अ‍ॅटलस. इंजिन नाही, बॅटरी नाही. मधोमध सायकल आणि चार कोपऱ्यांत चार रोटर, म्हणजे फिरत्या पात्यांचे संच, प्रत्येकाचा व्यास 20 मीटर. पेडल मारून माणूस 64 सेकंद हवेत राहिला, 3.3 मीटर उंच गेला. माणसाच्याच ताकदीवर उडणाऱ्या हेलिकॉप्टरसाठी ठेवलेलं, 1980 पासून कुणालाही न मिळालेलं सिकॉर्स्की पारितोषिक त्याने मिळवलं. पायांत ताकद किती? जेमतेम एक किलोवॅट!

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरली. मग मुद्दाच सांगतो.

थोडी हवा जोरात ढकला किंवा पुष्कळ हवा हळू ढकला, उचल तेवढीच मिळते. पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणून घेराचं क्षेत्रफळ चौपट केलं की शक्ती निम्मी पुरते. माणसासकट 200 किलोचं यंत्र एका जागी तरंगत ठेवायला 3 चौरस मीटर घेरावर आदर्श हिशेबाने सुमारे 32 किलोवॅट लागतात, 12 चौरस मीटरवर 16. प्रत्यक्षात याहून जास्तच. शिवाय नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर. मे महिन्यात पारा चाळिशीला गेला की हवा प्रमाण हवेपेक्षा, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या 15 अंशांच्या हवेपेक्षा, जवळपास 14 टक्के विरळ होते आणि शक्ती आणखी 8 टक्के लागते. बॅटरी किलोमागे पाव युनिट वीज देते, पेट्रोलमध्ये 12 युनिटं असतात. द्राक्षबागेत फवारणीचा ड्रोन बॅटरी बदलायला सारखा खाली का येतो, ते यात आलं.

ड्रोनसारखे अनेक छोटे पंखे सोयीचे आहेत, हे मान्य. मोटरींचा वेग कमीजास्त केला की तोल सांभाळता येतो. पण इंजिन बंद पडलं तर हेलिकॉप्टरचं मोठं पातं वाऱ्यावर फिरत राहून माणसाला खाली उतरवतं. छोट्या पंख्यांना ते जमत नाही. तिथे जादा मोटरी लागतात, पॅराशूट लागतं, आणि घराच्या छपराएवढ्या उंचीवर पॅराशूट उघडायला वेळच मिळत नाही.