स्पेरिलाइट: काळ्या दगडाच्या मुलखातून

निपाणीजवळची ही खडीची खाण. सुरुंगाने सुटलेला हा काळा दगड म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. सायबेरियातही असाच, पण कितीतरी जुना लाव्हा पसरला आहे. तिथल्या नोरिल्स्क-तालनाख भागातल्या खनिजांत हा पांढुरका, धातूसारखा चमकणारा स्फटिक मिळतो: स्पेरिलाइट. प्लॅटिनमच्या एका अणूला आर्सेनिकचे दोन, वजनात प्लॅटिनम साडेछप्पन्न टक्के. कॅनडातल्या सडबरीचे रसायनतज्ज्ञ फ्रान्सिस स्पेरी यांच्यावरून 1889 मध्ये त्याला नाव मिळाले.

मग आपल्या खाणीत नुसती खडीच का? नोरिल्स्कला शिलारस वर येताना वाटेतल्या अ‍ॅनहायड्राइटच्या (गंधक असलेल्या एका खनिजाच्या) थरांतले गंधक त्यात मिसळले. त्यातून सल्फाइडचे, म्हणजे गंधक आणि धातूंच्या संयुगाचे, जड थेंब वेगळे झाले आणि टीपकागद शाई शोषतो तसे त्यांनी निकेल, तांबे आणि प्लॅटिनम ओढून घेतले. दगड काळा आहे एवढ्यावर प्लॅटिनमची आशा धरू नये. आधी सल्फाइड शोधावे. कर्नाटकात प्लॅटिनम गटाच्या धातूंची नोंद आहे ती चन्नगिरी तालुक्यातल्या हनुमलापुरात, आणि तो खडक या लाव्ह्याहून फार प्राचीन आहे.

विहिरीच्या दगडात चकाकी दिसली की तुकडा सराफाकडे जातो. त्याआधी तो काट्यावर घाला. हा पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचे चकाकणारे खनिज: हवेत 20 ग्रॅम, दोऱ्याने पाण्यात लोंबकळत सोडल्यावर 16. वजनातली घट 4; 20 भागिले 4, म्हणून घनता 5. स्पेरिलाइट असता तर घट दोन ग्रॅमहूनही कमी आली असती, कारण त्याची घनता 10.6. तुकडा पूर्ण बुडालेला हवा, पण भांड्याच्या तळाला किंवा काठाला टेकता कामा नये. हे बुडबुडे पाहा, ते चिकटून राहिले की घट जास्त दिसते आणि घनता कमी निघते. पाण्यात साबणाचा थेंब टाकून ब्रशने ते झटकावेत. गारेचा अंश चिकटलेला असला तरी आकडा खाली येतो. चाकूने सहज ओरखडा उठला तर ते स्पेरिलाइट नाहीच.

तुकडा मुशीत मात्र घालू नका, आर्सेनिकचा धूर विषारी असतो.

स्पेरिलाइटचे कण बहुतेकदा केसाहून बारीक असतात, तिथे काटा चालत नाही. दगड कुटून, चाळून पाटीत धुतात. तळाशी राहिलेली जड पूड राळेत बसवून घासून गुळगुळीत करतात आणि इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबखाली, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा झोत टाकून कणातली मूलद्रव्ये मोजणाऱ्या यंत्राखाली, ठेवतात. प्लॅटिनम आणि आर्सेनिक किती, ते कणागणिक तिथे कळते.